आजीच्या लुगड्याचं पहिलं दुपटं

जुनं लुगडं हातात आलं की आधी ते खिडकीसमोर धरा. कात्री, टेप, मशीन यातलं काहीच अजून काढू नका. दोघींनी दोन टोकं धरायची आणि वीत-वीत सरकवत सगळं कापड उजेडासमोरून न्यायचं. उजेड एकसारखा झिरपतो तिथलं कापड अजून दमदार आहे. जिथे मधेच पांढरट पट्टा दिसतो, धागे बाजूला सरकल्यासारखे वाटतात, तिथे ते विरलंय.

माझ्या आजीच्या इरकली लुगड्यात असा पट्टा जवळजवळ मध्यावर होता, दोन हात लांब. ती ते रोज नेसायची. नऊवारीत काष्टा मागे खोचला की तोच भाग उठता-बसता, चालता-वाकता घासला जातो. खालच्या काठाला बारीक भोकांची रांग होती, ती जोडव्यात अडकून पडलेली. पदराच्या टोकाशी एक पिवळट डाग होता, तेलकट हात पुसल्याचा. बाकीचं कापड मात्र इतकं मऊ होतं की गालाला लावल्यावर जाणवतही नव्हतं. दुकानातल्या नव्या मलमलीला ही मऊसूतपणाची चव येत नाही, तिला वर्षानुवर्षांची धुणी लागतात.

ट्रंकेत जुनं लुगडं किंवा साडी आहे, टाकवत नाही, नेसवतही नाही, आणि शिवणकाम म्हणावं तर बटण लावण्यापुरतंच येतं, अशांसाठी हा लेख आहे. पहिलं काम म्हणून मी दुपटंच सुचवते. त्यात सगळ्या रेषा सरळ असतात, मशीन लागत नाही, मापात अर्धा इंच इकडेतिकडे झालं तर काही बिघडत नाही, आणि तीन थर एकमेकांना धरून ठेवतात म्हणून विरलेलं कापडही कामी येतं. आपल्याकडे बाळाला पहिलं दुपटं जुन्या सुती लुगड्याचं करायची रीत उगीच पडलेली नाही. नव्या कापडातली खळ आणि कडकपणा त्यातून केव्हाच निघून गेलेला असतो.

आधी विचारा

साडी कोणाची होती, हे माहीत असलं तर घरात विचारून घ्या. आईला, आत्याला, काकूला. "ही कापली तर चालेल ना?" एवढं विचारलं की बहुतेक वेळा त्या साडीची गोष्टही कळते, कोणत्या लग्नात घेतली, कोणी दिली. ती एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. आणि कोणी "कापू नकोस" म्हणालं तर खरंच कापू नका. बोहारणीला भांड्यांवर द्यायला काढलेल्या साड्यांच्या गठ्ठ्यातही दुपट्याजोगं सुती कापड हमखास सापडतं. शेजारी सांगून ठेवा, लोक आनंदाने देतात.

कापड कशाचं आहे?

दुपट्याला सुतीच हवं. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या पुष्कळ साड्या दिसायला सुती पण प्रत्यक्षात टेरिकॉट किंवा पॉलिस्टर असतात. त्या घाम शोषत नाहीत, बाळाच्या अंगाला नकोत. हाताला नीट कळत नसेल तर आतल्या टोकाचे चार-पाच धागे काढा, चिमट्यात धरा, स्टीलच्या ताटलीवर काडीने पेटवा. सूत कागदासारखं भुरकन जळतं, वासही कागदाचाच येतो, राख राखाडी आणि मऊ. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि मागे राहिलेली काळी गोळी बोटांत चुरते. पॉलिस्टर वितळून आकसतं आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो, तो चुरत नाही. उभे आणि आडवे धागे वेगवेगळे तपासा, कारण ताणा सुताचा आणि बाणा दुसऱ्या कशाचा, असंही असतं.

इरकलीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण आपल्याकडे पुष्कळ घरांतून सापडणारं जुनं लुगडं तेच. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं इळकल हे त्याचं गाव. अस्सल जुन्या इरकलीचं अंग सुती, काठ आणि पदर रेशमाचा, पदर लाल आणि त्यात पांढरी नक्षी. अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगळा असतो आणि दोन्ही एकमेकांत फासे अडकवून जोडलेले असतात. बोट फिरवलंत तर पदर सुरू होतो तिथे ही जोडाची ओळ लागते. त्या ओळीवर कधीही कात्री चालवू नका, फासे सुटतात आणि दोन्हीकडचे धागे निसटायला लागतात. चार बोटं सोडून अंगाच्या बाजूला कापा.

धुणं

एका नातलग बाईंनी मला दिलेली जुनी व्हॉइलची साडी मी पहिल्याच दिवशी वॉशिंग मशीनमध्ये टाकली होती. बाहेर आली ती घडीघडीवर चिरलेली. पंधरा वर्षं एकाच घडीत राहिलेलं कापड त्या घडीवर मोडतं, मशीनने फक्त ते पूर्ण केलं. त्या साडीचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून धुण्याकडे घाईने जाऊ नका.

आधी दोन दिवस सावलीत, वाऱ्यावर पसरून ठेवा, दोरीवर टांगून नव्हे, खाटेवर किंवा सतरंजीवर. डांबरगोळ्यांचा वास बराच उतरतो. मग रंगाची परीक्षा. पांढऱ्या सुती चिंधीचं टोक ओलं करून कापडाच्या आतल्या बाजूला अर्धा मिनिट दाबून धरा. प्रत्येक रंगावर वेगवेगळं करा, काठावर, पदरावर, अंगावर. चिंधीला रंग लागला तर तो भाग वेगळा धुवायचा. इरकलीचा लाल पदर आणि काळी चंद्रकळा यांच्याकडे विशेष लक्ष द्या. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं सगळीकडे सांगतात, पण त्यावर विसंबू नका. रंग जात असेल तर तो भाग कापून वेगळा करणं हाच खात्रीचा उपाय.

आता आंघोळीचा टब किंवा मोठं घमेलं घ्या. तळाशी जुनी चादर पसरा आणि तिच्यावर लुगडं सैल घडीत ठेवा. पाणी साधं, गार. सात-आठ रिठे रात्री भिजत घालून सकाळी कुस्करले, गाळले, की एका लुगड्याला पुरेसा फेस मिळतो. रिठे नसतील तर लोकरी कपड्यांसाठी मिळणारा सौम्य द्रव साबण चालेल. अर्धा तास भिजू द्या, हाताने हलके दाबा. चोळायचं नाही, आपटायचं नाही, पिळायचं नाही. पहिलं पाणी चहासारखं तपकिरी निघतं, घाबरू नका, ती वर्षांची धूळ आहे. पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहा.

बाहेर काढताना लुगडं धरून उचलू नका. ओल्या लुगड्याचं स्वतःचं वजनच त्याला फाडतं. चादरीची चार टोकं धरून सगळं एकदम उचला, पाणी निथळू द्या, टॉवेलांच्या मधे घालून दाबा आणि सावलीत आडवं वाळवा.

लोखंडी ट्रंकेचे गंजाचे डाग असतील तर लिंबू आणि मीठ लावून थोडा वेळ ठेवलं की फिके होतात, पण लगेच भरपूर पाण्याने धुवा, आंबट आत राहिलं तर सूत आणखी कमकुवत होतं. रंगीत कापडावर हे आधी कोपऱ्यात करून पाहा. ब्लीच मात्र कोणत्याही जुन्या कापडाला लावू नका. एखादा डाग राहिलाच तर राहू द्या, तो भाग मधल्या थरात जाईल.

आखणी आणि कात्री

सहावारी साडीला फॉल लावलेला असेल तर तो आधी उसवा. खालचा रंग किती ताजा राहिलाय ते पाहून आश्चर्य वाटेल. धागा ओढून उसवू नका, दर तिसरा-चौथा टाका छोट्या कात्रीने तोडा आणि फॉल अलगद उचला.

मग पुन्हा एकदा उजेडासमोर धरा, या वेळी शिंप्याचा खडू हातात घेऊन. विरलेल्या भागांभोवती गोल करा. शंका असेल तिथे दोन्ही अंगठे शेजारीशेजारी ठेवून कापड हळूच ताणा, आधी उभं, मग आडवं. "कर्र" असा बारीक आवाज आला की तो भाग वरच्या थराला घ्यायचा नाही.

आपलं दुपटं तयार झाल्यावर ३६ इंच बाय ३६ इंच होईल. त्यासाठी वरचा आणि खालचा तुकडा ३८ इंचांचा, मधला ३६ इंचांचा. साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण ४५ इंच असतो, त्यातून दोन्हीकडचे काठ काढले तरी ३८ इंच बहुतेक वेळा निघतात. काठ रुंद असेल आणि दोन-तीन इंच कमी पडत असतील तर दुपटंच तेवढं लहान करा. वरचा-खालचा तुकडा दमदार भागातून घ्या. मधल्या थराला विरलेला पण न फाटलेला भाग घ्या. माझ्या आजीच्या लुगड्याचा काष्ट्याचा तो पट्टा असाच आत गेला. तो सगळ्यांत मऊ होता, आणि दोन चांगल्या थरांच्या मधे त्याला आता कसलाही ताण नाही. फाटलंच असेल तर फाट जुळवून खाली मलमलीचा तुकडा ठेवा आणि साध्या टाक्यांनी धरून घ्या.

नवं कापड आपण टर्रकन फाडून सरळ करतो. जुनं तसं फाडलं तर चीर वाट्टेल तिकडे जाते. त्यापेक्षा कडेला छोटा छेद द्या, एक आडवा धागा सुईने उचला आणि हळूहळू ओढा. कापडात एक बारीक रेघ उमटते, तिच्यावरून कात्री चालवा. धागा तुटला तर तिथपर्यंत कापून पुढचा उचला. वेळ लागतो, पण कड अगदी सुतात येते.

कापड फारच लुळं असेल, कात्रीखाली पळत असेल, तर तांदळाच्या पातळ पेजेत बुडवून, ओलसर असतानाच इस्त्री करा. कागदासारखं होतं, कापायला सोपं. दुपटं पूर्ण झाल्यावर ही खळ धुऊन काढायची, कारण खळीच्या कापडाला कसर लवकर लागते.

थर रचणं

फरशी पुसून कोरडी करा. खालचा तुकडा उलट्या बाजूने वर पसरा आणि चारी कोपऱ्यांवर जड काहीतरी ठेवा. आमच्याकडे दोन पाट, वरवंटा आणि पितळी तांब्या असायचा. तळव्याने मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या काढा. कापड ताणू नका, नुसतं सपाट करा. त्यावर मधला तुकडा बरोबर मध्ये, चारी बाजूंनी इंचभर खालचं कापड दिसेल असा. त्यावर वरचा तुकडा, सुलटी बाजू वर.

आता कच्चे टाके. उठून दिसेल अशा रंगाचा दोरा घ्या, बोटभर लांब टाके घाला, आधी मध्यातून अधिकाचं चिन्ह, मग दोन तिरपे कर्ण, मग वीत-वीत अंतरावर आणखी ओळी. नवशिक्या मुली हे काम टाळतात, टाचण्यांवर भागवतात, आणि मग दुपट्याच्या पोटात फुगा येतो. टाचण्या जुन्या कापडाला भोकंही पाडतात. अर्धा तास कच्च्या टाक्यांना द्याच.

धावदोरा

दोरा सुतीच घ्या. पॉलिस्टरचा दोरा जुन्या सुतापेक्षा जास्त चिवट असतो, ताण आला की तो टिकतो आणि कापड कापतो. ताण आल्यावर दोरा तुटावा, कापड नव्हे. दोरा मेणबत्तीच्या मेणावरून एकदा ओढून घेतला की गुंता होत नाही. एका वेळी दीड हातापेक्षा लांब दोरा घेऊ नका. सुई बारीक पण नेढं जरा लांबट असलेली. दाभण गोधडीला चालत असेल, तीन मऊ थरांना नको. मधल्या बोटात अंगुस्ताना, म्हणजे शिंप्याची धातूची टोपी, घाला, नाहीतर दुसऱ्या दिवशी सुई धरवत नाही.

मध्यावरच्या ओळीपासून सुरुवात करा. आजी काठापासून शिवत आत-आत जायची, चौकोनात चौकोन घालत. तिचा हात बसलेला होता. आपण मधून बाहेर गेलो की राहिलेली सुरकुती कडेकडे ढकलली जाते. गाठ मारून सुई वरून दोन थरांच्या मधे घाला, दीड इंच पलीकडे काढा आणि हलका झटका द्या. गाठ "टुक" करून आत जाते आणि तिथेच अडकून बसते. मग टाके, तांदळाच्या दाण्याएवढे, वर जेवढा तेवढाच खाली. सुईवर तीन-चार टाके एकदम भरायचे आणि दोरा ओढायचा, पण कापडाला चुण्या पडेपर्यंत नाही. प्रत्येक ओळीला डावा तळवा खाली घालून पाहा, सुई तिन्ही थरांतून गेलीये ना. पहिल्या दोन-तीन ओळी वाकड्या येतील. उसवू नका, परत परत उसवणं जुन्या कापडाला सोसत नाही. पाचव्या ओळीपर्यंत हात आपोआप लयीत येतो.

ओळींत इंचभर अंतर. रेषेसाठी साबणाची झिजलेली चीप वापरा, धुतली की जाते. चौकड्याचं किंवा बारीक रेघांचं लुगडं असेल तर रेषा कापडातच आहेत. कडेपासून दोन-अडीच इंच आत थांबा, म्हणजे चारी बाजूंची कड दुमडायला मोकळी राहील.

सगळे टाके मिळून तीस मीटरच्या आसपास शिवण होते. आकडा मोठा वाटतो, पण रोज तासभर बसलं तर आठवड्यात होतं. संध्याकाळी गप्पा मारत, बातम्या ऐकत करण्यासारखं काम आहे. डोळ्यांना ताण वाटला की थांबा, अंधारात काळ्या लुगड्यावर शिवत बसू नका.

शेवटी कड. वरच्या आणि खालच्या तुकड्याचं बाहेर आलेलं इंचभर कापड आत वळवा, मधल्या थराची कड त्यात झाकली जाईल. दोन दुमडी एकमेकींसमोर जुळवून बारीक तिरप्या टाक्यांनी शिवा. कोपऱ्यात आधी टोक आत दुमडा, मग दोन बाजू, म्हणजे गठ्ठा होत नाही. मग कडेलगत पाव इंचावर धावदोऱ्याची एक पूर्ण फेरी, आणि तिच्या आत इंचभरावर दुसरी. आता कच्चे टाके काढून टाका.

बाळासाठी असेल तर दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. जरीचा काठ, मणी, टिकल्या, बटणं काही लावू नका. आणि आतून-बाहेरून एकही दोरा लोंबता ठेवू नका, सुटा दोरा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊ शकतो आणि ते वेळेत लक्षात येत नाही. दुपटं बाळाला मांडीवर घ्यायला, पुसायला, खाली अंथरायला. झोपलेल्या तान्ह्याच्या तोंडाशी सैल कापड राहू देऊ नका. द्यायच्या आधी एकदा सौम्य साबणाने धुऊन उन्हात खडखडीत वाळवा. तीन थर आता एकजीव झाले आहेत, दोरीवर टांगलं तरी चालेल.

काठ, पदर, खण आणि पैठणी

काढलेले काठ लांबच्या लांब ठेवा, मध्ये कापू नका. साध्या सुती कापडाच्या उशीच्या अभ्र्याला, पडद्याच्या खालच्या कडेला, देवघरातल्या आसनाला ते लावता येतात. रेशमी काठ सुती कापडावर शिवण्याआधी दोन्ही धुतलेले असू द्या, नाहीतर पहिल्या धुण्यात एक आकसतं, दुसरं नाही, आणि कड सुकलेल्या पानासारखी वळते. मशीनवर शिवत असाल तर नवी ९ किंवा ११ नंबरची सुई घाला आणि टाका जरा मोठा ठेवा, तीन मिलिमीटरच्या आसपास. बारीक टाक्यांची ओळ म्हणजे जुन्या रेशमाला पाडलेली भोकांची ओळ, त्यावरूनच ते फाटतं.

खण बागलकोट जिल्ह्यातल्याच गुळेदगुड्डचे. पन्हा कमी असतो, त्यामुळे आईच्या ट्रंकेत न शिवलेले खण घडीतच सापडतात, ओटीत आलेले. घडीवर चिरलेला खण पोथीच्या रुमालाला उत्तम. चीर येते तिथून दोन तुकडे करा, मागे मऊ सुती अस्तर द्या, काठ दर्शनी ठेवा. इस्त्रीने चिकटणारं बकरम लावायचा मोह होईल, पण ते एकदा चिकटलं की कापडाचा पोत जातो आणि परत निघत नाही. हाताने टाचलेलं मलमलीचं अस्तर हवं तेव्हा काढता येतं.

पैठणीबद्दल माझं मत ठाम आहे. धडधाकट पैठणी कापून कुडता, पर्स, उशा करू नका. येवल्याला आणि पैठणला हातमागावर ती अजून विणली जाते, पण जुन्या पैठणीची खरी जर, चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा दिलेली, आजच्या बहुतेक साड्यांत नसते. अंगाचं रेशीम पूर्ण फाटलं असेल, दुरुस्तीपलीकडे असेल, तेव्हाच काठ-पदर वेगळे करा. तो पदर भिंतीवर लावायचा असेल तर मागे पूर्ण उंचीचं सुती कापड टाचून त्याच्या आधाराने टांगा, म्हणजे वजन रेशमावर येणार नाही. उन्हाची भिंत टाळा. हातविणीच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते, तेव्हा मागचं कापड कच्च्या टाक्यांनीच लावा, कोणाला दाखवावंसं वाटलं तर सोडवता येईल असं.

उरलेले तुकडे घडी घालून ठेवू नका. पुठ्ठ्याच्या नळीवर आधी पांढरी सुती चिंधी गुंडाळा, मग काठ सैल गुंडाळा, वरून पुन्हा चिंधी. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, उलगडून वारा द्या. आणि साडीची गोष्ट लिहिलेली ती चिठ्ठी त्याच नळीत घालून ठेवा.